चाळीसचा वेग, ऐंशीचा थरार

पावसाळा सुरू झाला की गोव्यातील बहुतेक मैदानी करमणुकींना चार महिन्यांची सक्तीची रजा मिळते. फुटबॉल तेवढा चिखलातही रंगतो. पण छोट्या रबरी चाकांवर पळणाऱ्या वाहनांचे खेळ ओल्या जमिनीवर तग धरत नाहीत. नुवे आणि हडफडे येथील उघड्यावरच्या ट्रॅकमुळे गो-कार्टिंग हा प्रकार गोमंतकीयांना अनोळखी राहिलेला नाही. देशातील मोठ्या शहरांत मात्र हाच खेळ आता छपराखाली आला आहे. मॉलचा एखादा मजला किंवा जुने गोदाम, गुळगुळीत जमीन, कडेने टायरचे अथवा प्लास्टिकचे कठडे आणि आठ-दहा मिनिटांची शर्यत, एवढाच त्याचा पसारा. सुट्टीत शहरात गेलेली मुले या खेळाचा हट्ट धरतात, तेव्हा पालकांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. या चिमुकल्या गाडीत एवढी गंमत कसली? आणि ती सुरक्षित आहे का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या गाडीच्या रचनेतच दडलेली आहेत.

पांगुळगाड्याचा वारस

‘गो-कार्ट’ हा शब्द मोटारीपेक्षा कितीतरी जुना आहे. सतराव्या शतकातील इंग्रजीत तो चालायला शिकणाऱ्या बाळाच्या चाकांच्या चौकटीसाठी वापरला जाई. म्हणजे आपला पांगुळगाडाच! बुऱ्हाणपूरजवळच्या निंबोल्यापासून काणकोणपर्यंत मराठी घरांनी जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, तिचेच इंग्रजी नाव पुढे शर्यतीच्या गाडीला चिकटले. हे नाव एका अर्थाने सार्थही ठरले. पांगुळगाडा पाय टाकायला शिकवतो, तर गो-कार्ट गाडीवर ताबा ठेवायला शिकवते.

आजच्या गो-कार्टचा जन्म १९५६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या ‘कर्टिस क्राफ्ट’ या कारखान्यात काम करणाऱ्या आर्ट इंगल्स यांनी लू बोरेली यांच्या मदतीने नळ्यांची एक साधी चौकट जोडली, तिला चार लहान चाके लावली आणि गवत कापण्याच्या यंत्राचे छोटे इंजिन मागे बसवले. गाडी पासाडेना शहरातील ‘रोझ बोल’ स्टेडियमच्या वाहनतळावर धावू लागली, तशी पाहणाऱ्यांना तिची भुरळ पडली. थोड्याच वर्षांत कार्ट बनवून विकणारे कारखाने निघाले आणि १९६२ साली या खेळाचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय आयोगही स्थापन झाला.

गाडी एवढी साधी, तरी मजा एवढी का?

गो-कार्टला दार नाही, छप्पर नाही, गिअर नाही आणि धक्के शोषून घेणारी स्प्रिंगही नाही. पायाशी दोन पेडल असतात. डावा पाय ब्रेकसाठी, उजवा वेगासाठी. चालकाची बैठक जमिनीपासून जेमतेम काही सेंटिमीटर उंचीवर असते. गमतीचे पहिले कारण हेच. वेगाची जाणीव आकड्यावरून होत नाही, जवळच्या वस्तू डोळ्यांसमोरून किती झरझर सरकतात यावरून होते. बसच्या उंच खिडकीत बसलेल्याला ताशी ६० किलोमीटरही संथ वाटतात. जमिनीला टेकल्यासारखे बसलेल्या कार्टचालकाला मात्र ताशी ४० किलोमीटरचा वेग ८० वाटावा, इतकी जमीन अंगावर धावून येते. छपराखालच्या ट्रॅकवर भिंती आणि कठडे जवळ असल्याने हा भास अधिकच गडद होतो. शरीराला थरार मोठा मिळतो, पण प्रत्यक्ष वेग बेताचाच असतो.

दुसरे कारण मागच्या आसात आहे. मोटारीत वळताना मागची दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात, कारण बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापायचे असते. त्यासाठी डिफरन्शियल नावाची यंत्रणा बसवलेली असते. कार्टमध्ये ती नसते. एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात. अशी गाडी सरळच जाऊ पाहते, वळायला कुरकुरते. यावर पुढच्या चाकांच्या मांडणीतून तोड काढलेली आहे. सुकाणू वळवले की आतल्या बाजूचे पुढचे चाक खाली दाबले जाते, चौकट किंचित पिळवटते आणि आतल्या बाजूचे मागचे चाक जमिनीवरून हलके होते, कधी क्षणभर उचललेही जाते. चालकाच्या पाठीला आणि कमरेला हा सारा व्यवहार थेट जाणवतो. गाडी काय करते आहे हे शरीरानेच कळणे, हा अनुभव आजच्या आरामशीर मोटारीत उरलेला नाही.

वळणाचे गणित

पहिल्यांदा कार्ट चालवणारा हमखास एक समज घेऊन येतो, की वेगाचे पेडल दाबून धरले की जिंकलो. पहिल्याच वळणावर गाडी घसरते, कठड्याला टेकते आणि हलक्या पायाने आलेला एखादा शांत चालक शेजारून पुढे निघून जातो. या खेळातली खरी गंमत इथून सुरू होते.

वळणावर टायरची पकड ठरावीकच असते. तेवढ्या पकडीत किती वेगाने वळता येईल, हे वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. त्रिज्या दुप्पट केली तर सुरक्षित वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून जाणकार चालक वळणाला आतल्या कडेने चिकटून जात नाही. तो बाहेरच्या कडेने येतो, मध्यावर आतल्या कोपऱ्याला स्पर्श करावा तसा जातो आणि पुन्हा बाहेरच्या कडेकडे निघतो. ट्रॅकची सारी रुंदी वापरून तो वळण सरळ करून घेतो, म्हणा ना.

ब्रेकचेही तसेच. भाड्याच्या बहुतेक कार्टमध्ये ब्रेक फक्त मागच्या आसाला असतो. वळता वळता तो दाबला की मागची बाजू घसरून गाडी गिरकी घेते. त्यामुळे वळण येण्याआधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा, मग वळायचे आणि तोंड सरळ होताच पुन्हा वेग घ्यायचा. दोन्ही पेडल एकाच वेळी दाबण्यात काहीच अर्थ नसतो. छपराखालच्या गुळगुळीत जमिनीवर पकड कमी असल्याने हा संयम आणखी मोलाचा ठरतो.

त्याचे फळ किती? समजा, ट्रॅक ३०० मीटरचा आहे आणि सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. एक फेरी ३० सेकंदांत होईल. नीट वळल्याने प्रत्येक फेरीत केवळ अर्धा सेकंद वाचला, तरी १५ फेऱ्यांत साडेसात सेकंद, म्हणजे तब्बल ७५ मीटरची आघाडी मिळते. बहुतेक ठिकाणी प्रत्येक फेरीची वेळ यंत्राने नोंदली जाते आणि शेवटी तिचा कागद हाती पडतो. त्या कागदामुळे खेळाचे स्वरूप बदलते. शेजारच्याला हरवण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक ओढ स्वतःचीच मागची वेळ मोडण्याची लागते. गाड्या साधारण सारख्या असल्याने महागडी गाडी घेऊन येणाऱ्याला इथे वाव नाही. हलक्या वजनाच्या चालकाला थोडा फायदा मिळतो हे खरे. त्यामुळे बारा वर्षांची मुलगी आपल्या काकांना मागे टाकते, तेव्हा घरात आठवडाभर पुरेल एवढा विषय होतो.

दिग्गजांचा पांगुळगाडा

फॉर्म्युला वनच्या बहुतेक मोठ्या चालकांनी पहिली पावले कार्टमध्येच टाकली. ब्राझीलच्या आयर्टन सेना याच्या वडिलांनी त्याला लहानपणी गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवलेली कार्ट बनवून दिली होती. मायकेल शूमाकरचे बालपण जर्मनीतील केर्पेन येथील कार्ट ट्रॅकवर गेले. सेना १९७९ आणि १९८० साली जागतिक कार्टिंग स्पर्धेत दुसरा आला. ते विजेतेपद त्याला कधीच मिळाले नाही. फॉर्म्युला वनची तीन जगज्जेतेपदे मिळवल्यानंतर, १९९३ साली पत्रकारांनी त्याला सर्वाधिक समाधान देणारा प्रतिस्पर्धी कोण, असे विचारले. त्याने कार्टिंगमधील जुना सहकारी टेरी फुलर्टन याचे नाव घेतले. त्या शर्यतींत पैसा नव्हता आणि राजकारणही नव्हते, असे त्याने दिलेल्या कारणाचे सार होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिसच्या बर्सी येथील बंदिस्त क्रीडागारात कार्टची शर्यत भरली. सराव करताना १९८९ साली झालेल्या अपघातात अपंगत्व आलेले फॉर्म्युला वन चालक फिलिप स्ट्राइफ तिचे आयोजक होते. वर्षानुवर्षे एकमेकांचे हाडवैरी मानले गेलेले सेना आणि अ‍ॅलन प्रोस्ट शर्यतीत अखेरचे समोरासमोर आले ते या छपराखाली, कार्टमध्ये बसून. पाच महिन्यांनी, १ मे १९९४ रोजी सेनाचा शर्यतीतच मृत्यू झाला.

आपल्या शेजारच्या कोल्हापुरानेही या खेळाला आश्रय दिला आहे. तेथील मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि कोल्हापूरच्याच कृष्णराज महाडिक यांनी ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेपर्यंत मजल मारली.

गंमत आणि जिवाची किंमत

आता पालकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. कार्टचा मागचा आस चालकाच्या पाठीमागे वेगाने फिरत असतो. काही गाड्यांत तो आणि चाके पुरेशी झाकलेली नसतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादच्या गुर्रमगुडा परिसरात गो-कार्ट चालवताना केस फिरत्या भागात अडकून दोन महिलांचा मृत्यू झाला. दोन्ही वेळा त्या सहलीच्या आनंदातच गाडीत बसल्या होत्या. या दुर्घटनांना वेग कारणीभूत नव्हता. मोकळे केस आणि उघडे यंत्र यांची गाठ पडली होती.

म्हणून तिकीट काढण्यापूर्वी चार गोष्टी स्वतः पाहाव्यात. मागचा आस, साखळी आणि इंजिन झाकलेले आहे का? हेल्मेट मापाचे आहे का, आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लागतो का? लांब केस बांधून, हेल्मेटखालच्या कापडी टोपीत नीट कोंबले आहेत का? ओढणी, पदर, स्कार्फ, गळ्यातील माळ, सैल दोर असलेले जॅकेट बाहेर काढून ठेवले आहे का? यातील एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पैसे गेले तरी चालतील, गाडीत बसू नये. पायात सपाता नकोत. पुढून बंद असलेले बूट हवेत.

बंदिस्त जागेचा आणखी एक मुद्दा हवेचा आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या कार्टच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळणे ही त्याची पहिली खूण. छपराखाली विजेवरच्या कार्ट असणे केव्हाही श्रेयस्कर. अशा अनेक गाड्यांचा वेग देखरेख करणारा कर्मचारी दुरूनच कमी करू शकतो. एखादी गाडी कठड्याला अडकली की बाकीच्यांना तत्काळ आवरता येते, हा मोठाच लाभ.

झेंड्यांची भाषाही समजून घ्यावी. काही ठिकाणी तीच दिव्यांनी सांगितली जाते. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणाला ओलांडू नका. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, तिला वाट द्या. लाल म्हणजे थांबा. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा म्हणजे शर्यत संपली. गाडी बंद पडली तर खाली उतरू नये, हात वर करून बसून राहावे. दुसऱ्याला मुद्दाम धडक देणे हा या खेळाचा भाग नाही. ताशी ३० ऐवजी ४५ किलोमीटरने बसलेल्या धक्क्याचा जोर दीडपट नव्हे, सव्वादोनपट असतो.

वेगाची जागा

वेगाची हौस तरुण वयाला असतेच. ती उपदेशाने मरत नाही. तिला जागा मिळाली नाही, तर ती रस्त्यावर उतरते. गोव्यातील अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर अल्पवयीन मुले स्कूटर हाकताना दिसतात, ती त्याच हौसेपोटी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कायद्याचा धाक हवाच. पण समोरून ट्रक येत नाही, सगळे एकाच दिशेने धावतात, डोक्यावर हेल्मेट आहे आणि चुकलेच तर टायरचा कठडा सावरून घेतो, अशी एखादी जागाही हवी. चांगला चालवलेला कार्ट ट्रॅक ती जागा देतो. शिवाय वळणाआधी वेग आवरण्याची आणि दुसऱ्याला वाट देण्याची सवय तिथे खेळता खेळता अंगवळणी पडते.

एक दक्षता मात्र शर्यत संपल्यानंतरची आहे. कार्टमधून उतरल्यावर रक्त उसळत असते आणि रस्त्यावरचा नेहमीचा वेग काही काळ रांगल्यासारखा वाटतो. तेव्हा कॅन्टीनमध्ये दहा मिनिटे बसावे, वेळेच्या कागदावरून एकमेकांची थट्टा करावी, लिंबू सोडा प्यावा आणि मगच वाहनाच्या चाव्या हातात घ्याव्यात.