कामेनित्स्की शेनोव्ह: कोरीव काचेचे गाव

कामेनित्स्की शेनोव्ह हे उत्तर बोहेमियातले, जेमतेम चार हजार वस्तीचे चेक गाव. काचेला पैलू पाडणे, तिच्यावर कोरणे, रंगवणे आणि झुंबरे घडवणे ही इथली पिढीजात कामे. १८५६मध्ये इथे सुरू झालेली काचकलेची शाळा युरोपातली सर्वांत जुनी मानली जाते.

कोरी काच बहुधा बाहेरच्या भट्ट्यांतून यायची आणि तिचे मोल इथल्या हातांनी वाढायचे. देशोदेशी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांना नव्या नमुन्यांची निकड होती, म्हणून शाळेने आधी चित्रकलेवर भर दिला. शेजारच्या नोव्ही बोरला १८७०मध्ये, तर झेलेझ्नी ब्रोदला १९२०मध्ये अशीच शाळा निघाली. याच प्रदेशातल्या याब्लोनेत्सच्या काचेच्या बांगड्या एकेकाळी भारतीय बाजारात मोठ्या प्रमाणावर येत, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते.

शिकायला सर्वांत अवघड विद्या कोरीवकामाची. यंत्राच्या दांड्यावर तांब्याची छोटी चकती फिरत असते, तिच्यावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावतात. काच कापते ती ही पूड. चकती तिला फक्त फिरवते. कारागीर पेला दोन्ही हातांत धरून चकतीला खालून टेकवतो. म्हणजे नेमका जिथे काप पडतो, तीच जागा चकतीआड जाते. दाब किती द्यायचा हे आवाजावरून आणि बोटांना जाणवणाऱ्या थरथरीवरून ओळखायचे. एका नक्षीत टाचणीच्या डोक्याएवढ्या चकतीपासून मोठ्या चकतीपर्यंत अनेक चकत्या बदलाव्या लागतात. ही समज पुस्तकातून येत नाही. गुरूच्या शेजारी बसूनच ती येते, आणि त्याला वर्षे लागतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या जर्मनभाषक कुटुंबांना देश सोडावा लागला. त्यांच्याबरोबर कित्येक घरांतली कारागिरीही गेली. शाळा चेक शिक्षकांच्या हाती आली. त्यांतले रेने रुबिचेक पुढे आधुनिक काचशिल्पाचे मोठे नाव झाले. १९५८च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पिढीजात धाग्याला पडलेली ही तूट भरून काढण्यात शाळेचा वाटा मोठा आहे.

डिसेंबर २०२३मध्ये चेक प्रजासत्ताक, जर्मनी, फ्रान्स, स्पेन, हंगेरी आणि फिनलंड या सहा देशांच्या हाताने काच घडवण्याच्या परंपरेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी गॅसच्या भाववाढीने युरोपातले काचकारखाने हवालदिल झाले होते. काचभट्टी मनात आले की विझवली, असे करता येत नाही. ती अहोरात्र तापतीच ठेवावी लागते. युनेस्कोच्या यादीने मान मिळतो, गॅसचे बिल भागत नाही. शिकून बाहेर पडलेल्या मुलांना रोजचे काम देणारे कारखाने तगले, तरच शाळेतल्या शिक्षणाला अर्थ आहे.