बॉक्स हिलवरचे एक वाक्य

जेन ऑस्टेनच्या विनोदाची कीर्ती मोठी आहे आणि ती अनाठायी नाही. परंतु जिने माणसांच्या ढोंगावर आणि अहंतेवर आयुष्यभर अचूक बोट ठेवले, तिनेच हसणाऱ्यालाही एकदा न्यायासनासमोर उभे केले, आणि तिच्या शहाणपणाची खोली मला त्या प्रसंगात सर्वांत अधिक प्रतीत होते.

हँपशरमधील स्टीव्हन्टन या खेड्यात १७७५ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी ती जन्मली. १८०५ साली वडील निवर्तल्यावर आई, बहीण कॅसँड्रा आणि ती स्वतः अशा तिघींचा योगक्षेम बव्हंशी भावांच्या मर्जीवर येऊन पडला. पुढे चार वर्षांनी, श्रीमंत नातलगांनी दत्तक घेतलेला भाऊ एडवर्ड याने आपल्या जमीनजुमल्यातील चॉटन येथील एक घर त्यांना राहावयास दिले, तेव्हा कोठे तिच्या लेखणीला स्वस्थता लाभली. १८११ साली 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' ही तिची पहिली कादंबरी छापली गेली, तीही नाव न देता, केवळ एका स्त्रीची कृती म्हणून.

याच कादंबरीच्या आरंभी एक संवाद आहे. मरणशय्येवरील पित्याला सावत्र आई आणि तीन सावत्र बहिणी यांना सांभाळण्याचे वचन देऊन जॉन डॅशवुड मिळकतीचा धनी होतो आणि प्रत्येक बहिणीला एक हजार पौंड द्यावे असा संकल्पही करतो. मात्र पत्नी फॅनी आपल्या लहानग्या मुलाचा हक्क पुढे करून बोलू लागताच तीन हजारांचे दीड हजार होतात, त्यांच्या जागी सावत्र आईस सालीना शंभर पौंडांचा तनखा येतो, तनख्याच्या जागी अधूनमधून पन्नास पौंडांची भेट, आणि अखेरीस घर शोधून देणे, सामान हलविण्यास हातभार लावणे व हंगामानुसार मासळी आणि शिकार पाठविणे एवढ्यावर पितृवचनाचा हिशेब चुकता होतो. लेखिका मध्ये पडून एकही दूषण देत नाही. प्रत्येक पायरीवर त्या दांपत्याला आपण न्यायानेच वागत आहो असे वाटत राहते. कारण माणूस आपल्या लोभाला लोभ म्हणत नाही, त्याला कर्तव्य, व्यवहार, पुत्रप्रेम अशी सभ्य नावे देतो, हे तिने पुरते ओळखले होते.

असे हसू बलवानावर उगारलेले असते. दुर्बलावर उगारले तर काय होते, हे १८१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'एमा' या कादंबरीत दिसते. सरे परगण्यातील बॉक्स हिलवर मंडळी वनभोजनास गेली असता, प्रत्येकाने एक अत्यंत चतुर किंवा तीन अगदी नीरस गोष्टी सांगाव्या असा खेळ निघतो. बेट्सबाई या दिवंगत धर्मोपदेशकाच्या निर्धन, अविवाहित, बडबड्या पण निर्मळ मनाच्या कन्या. तीन नीरस गोष्टी तर मला सहज साधतील, असे त्या भाबडेपणाने म्हणतात, आणि बुद्धिमान, श्रीमंत एमा त्यांना ऐकविते की, अडचण एवढीच, एका वेळी तीनच सांगावयाच्या आहेत. वाक्य चतुर आहे. वाचकही क्षणभर हसतो. बेट्सबाईंना अर्थ उमगावयास थोडा वेळ लागतो, आणि मग त्यांच्या मुद्रेवर किंचित लाली चढते. मागाहून गाडीपाशी एमाचा जुना स्नेही नाइटली तिला स्पष्ट सुनावतो: ती बाई तुझ्या बरोबरीची असती तर गोष्ट वेगळी होती, परंतु तिला दारिद्र्य आले आहे, आणि पुढे ते वाढणारच आहे. बेट्सबाईंची ही स्थिती, धर्मोपदेशकाची अविवाहित कन्या, तुटपुंजे उत्पन्न, वृद्ध आई, जेन ऑस्टेनच्या स्वतःच्या स्थितीपासून फार दूर नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या किंचित लालीचे मोल कळते.

एमा घरी जाताना वाटभर रडते. दुसऱ्या दिवशी, काही आडवे येऊ नये म्हणून, ती लवकरच बेट्सबाईंच्या बिऱ्हाडी जाते. त्या तिचे आभार मानतात. परंतु पूर्वीचा मोकळेपणा त्यांच्या बोलण्यात उरलेला नसतो, आणि तो परत यावा या आशेने एमा त्यांच्या भाचीची, जेन फेअरफॅक्सची, आस्थेने विचारपूस करू लागते.