‘मेम्बाचा’ : एका इंडोनेशियन क्रियापदाची व्युत्पत्ती व शब्दसिद्धी

प्रस्तावना :
इंडोनेशियन भाषेत संस्कृत शब्द विपुल आहेत. त्यावरून ती संस्कृतोद्भव आहे, असे विधान आपल्याकडे अनेकदा केले जाते. प्रस्तुत लेखात ‘मेम्बाचा’ (वाचणे) या क्रियापदाच्या आधारे या विधानाची तपासणी केली आहे.

व्युत्पत्ती :
या क्रियापदाचे मूळ रूप ‘बाचा’ होय. ते संस्कृत ‘वाच्’ या शब्दकुलातील असून मराठी ‘वाचणे’ही त्याच कुलातील आहे. ‘वच्’ म्हणजे बोलणे. ‘वाचयति’ या प्रयोजक रूपास पठण करणे हा अर्थ आहे. मलय भाषेत अनेक शब्दांत वकाराचा बकार झाला. उदा. विष–बिसा, विनाश–बिनासा, विचार–बिचारा (बोलणे). इंडोनेशियन ही मलय भाषेचेच प्रमाणित रूप असल्याने हे शब्द तिच्यात आले. १९७२ च्या लेखनसुधारणेत ‘बाचा’चे रोमन लेखन बदलले, उच्चार मात्र तोच राहिला.

शब्दसिद्धी :
सकर्मक कर्तरी रूपासाठी ‘मे’ हा उपसर्ग अनुनासिकासह लागतो. मूळ रूपाच्या आरंभी ‘ब’ असल्यास तो टिकतो : बाचा–मेम्बाचा. आरंभीचे प, त, क, स मात्र सामान्यतः लोप पावतात : तुलिस–मेनुलिस (लिहिणे). संस्कृत ‘पूजा’पासून आलेल्या ‘पुजा’लाही हाच नियम लागून ‘मेमुजा’ (पूजणे) सिद्ध होते. ‘बाचा’पासून पुढील रूपे होतात : दिबाचा (वाचले जाणे), तेरबाचा (वाचता येण्याजोगे), पेम्बाचा (वाचक), बाचाआन (वाचनसाहित्य), मेम्बाचाकान (दुसऱ्यास वाचून दाखवणे). पुरुष, वचन किंवा काळ यांनुसार क्रियापद बदलत नाही. संस्कृत आख्यातव्यवस्थेचा येथे मागमूसही नाही.

ही व्यवस्था प्राचीन आहे. सुमात्रातील केदुकान बुकित येथील सातव्या शतकातील जुन्या मलय शिलालेखात ‘मङलप सिद्धयात्रा’ असा प्रयोग आढळतो. त्यातील कर्म संस्कृत आहे. परंतु ‘मङलप’ (मिळवणे) हे क्रियापद ‘अलप’ या देशी मुळास अनुनासिक उपसर्ग लागून झालेले आहे.

निष्कर्ष :
शब्द उसने घेतले जातात. भाषेचे कुल मात्र मूलभूत शब्दसंग्रह, नियमित ध्वनिसंवाद आणि रूपव्यवस्था यांवरून ठरते. इंडोनेशियन ही ऑस्ट्रोनेशियन कुलातील भाषा आहे. अरबी ‘बदल’पासून मराठीने ‘बदलणे’ घडवले, म्हणून मराठी अरबी कुलातील ठरत नाही. ‘मेम्बाचा’विषयीही हाच न्याय लागू होतो. संस्कृतचा प्रभाव मान्य करताना ग्रहण करणाऱ्या भाषेच्या घडणशक्तीचीही नोंद घेणे अध्यापनाच्या दृष्टीने आवश्यक आहे.