हलके घोडे आणि आमची तट्टाणी

‘भाड्याचे तट्टू’ हा शब्दप्रयोग आपण सगळेच करतो. पैशासाठी कोणाचीही बाजू घेणाऱ्या माणसाला ते विशेषण आपण सहज चिकटवतो. ते तट्टू कोण, याचा विचार मात्र कोणी करीत नाही. मीही केला नव्हता. १९८८ साली, मी दहा वर्षांचा असताना, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत एका व्यापाऱ्याने आजोबांच्या तपकिरी घोडीला इंचपट्टी लावली आणि तो हसून म्हणाला, “बाबा, हे तं तट्टू हाय.” त्या हसण्यात मीही सामील झालो होतो. त्या हसण्याची भरपाई म्हणून हा लेख लिहितो आहे, असे म्हटले तरी चालेल.

विद्यार्थी मित्रहो, घोड्यांच्या जाती जगात शेकड्यांनी आहेत, परंतु सोयीसाठी त्यांचे तीन गट पाडतात. पहिला गट भारी घोड्यांचा. रुंद छाती, खांबासारखे पाय, आणि वजन बहुधा सातशे किलोच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. नांगर ओढावा, ओंडके ओढावेत, हे त्यांचे काम. थंड मुलुखात ते वाढले. आपल्याकडे ही कामे बैलाने केली, म्हणून भारी घोडा येथे रुजला नाही. दुसरा गट हलक्या घोड्यांचा. वजन साधारण चारशे ते साडेपाचशे किलो, उंची खांद्यापाशी अठ्ठावन्न इंचांच्या पुढे. लांब मान, तिरकस खांदा, सडसडीत पाय. स्वारी, शर्यत, लढाई आणि हलका गाडा यांसाठी हा घोडा. अठ्ठावन्न इंचांच्या आत राहिलेला तो तिसरा गट, म्हणजे तट्टू. ही उंची मोजायची ती मानेच्या बुडाशी, जेथे खोगिराचा पुढचा भाग टेकतो तेथपर्यंत, कारण घोडा मान वरखाली करतो, खांदा करीत नाही.

हलक्या घोड्यांत मान अरबी घोड्याचा. किंचित खोलगट चेहरा, मोठे डोळे, फुललेल्या नाकपुड्या आणि चालताना उंच धरलेली शेपटी, यांवरून तो ओळखता येतो. काही अरबी घोड्यांच्या कमरेत सहाऐवजी पाचच मणके असतात. वाळवंटात थोड्या पाण्यावर लांबचा पल्ला मारणे हा त्याचा गुण, आणि म्हणूनच दूरच्या पल्ल्याच्या शर्यतींत तो आजही पुढे असतो. या अरबी रक्तातून इंग्लंडमध्ये थरोब्रेड घोडा तयार झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तेथे नेलेले बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन नर आजच्या साऱ्या थरोब्रेड घोड्यांचे पूर्वज होत. त्यांच्या वंशावळीची नोंदवही १७९१ मध्ये निघाली. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर धावतात ते हेच घोडे. थोड्या अंतरात तासाला साठ किलोमीटरच्या वर वेग घेणारा हा प्राणी कातडीने नाजूक आणि स्वभावाने तापट असतो. त्याला तबेला हवा, खुराक हवा, मोतद्दार हवा.

आपल्या देशातील प्रसिद्ध हलके घोडे म्हणजे मारवाडी आणि काठियावाडी. दोघांचे कान आत वळलेले असतात. काठियावाडी घोड्याच्या कानांची टोके तर जवळजवळ एकमेकांना टेकतात. रवाल ही त्यांची खास चाल. तीत स्वाराला दचके बसत नाहीत, म्हणून लांबच्या वाटेला ती सुखाची. एकेकाळी हे दोन्ही लढाईचे घोडे होते. आज आपल्याला ते दिसतात लग्नाच्या वरातीत, नाही तर तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत.

मग आपल्या दख्खनचा घोडा कोणता? मध्ययुगात अरबी आणि तुर्की घोडे जहाजांतून चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरत. परंतु परदेशी घोडा आपल्या हवेत टिकवणे सोपे नव्हते. मार्को पोलो याने तेराव्या शतकात दक्षिणेच्या पूर्व किनाऱ्याविषयी लिहिताना म्हटले आहे, की दरवर्षी हजारो घोडे विकत घेतले जातात आणि निगा राखणारे जाणते लोक व नालबंद नसल्याने त्यांतले पुष्कळ मरतात. दख्खनमध्ये या बाहेरच्या रक्ताचा स्थानिक तट्टांशी संकर झाला. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत जो घोडा तयार झाला, तो भीमथडी किंवा दख्खनी घोडा. उंची बेताची, खूर टणक, खाणे थोडे, आणि दगडधोंड्यांत चालण्याची सवय. मराठ्यांच्या झपाट्याच्या हालचालींचा भार याच घोड्याने वाहिला. मिळेल त्या कडब्यावर आणि माळाच्या गवतावर राहणारा घोडा असला, म्हणजे फौजेमागून दाणागोट्याचे तांडे न्यावे लागत नाहीत. राजा बढे यांचे जे गीत २०२३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यगीत झाले, त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख मोठ्या मानाने आला आहे. तो आपण उभे राहून ऐकतो, आणि बाहेर पडल्यावर कोणाला तरी ‘तट्टू’ म्हणून हिणवतो!

आपल्या हिंगोलीचाही घोड्यांशी जुना संबंध आहे. वऱ्हाडच्या सीमेवरचे हे गाव १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होते. या फौजेच्या रिसाल्यांत सिल्लेदारीची पद्धत होती. सिल्लेदार म्हणजे आपला मराठी शिलेदारच. मराठी फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. घोडा आणि सामान स्वाराने सांभाळायचे व सरकारने ठरावीक पगार द्यायचा, ही रीत इंग्रजी अमलातही चालू राहिली. घोड्याच्या पोटाचा खर्च पगारातून भागवायचा म्हटल्यावर थोडक्यात भागणारा घोडा किती मोलाचा, हे वेगळे सांगणे न लगे. याच रिसाल्यांतून पुढे डेक्कन हॉर्स ही पलटण झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सोम नदीच्या लढाईत, १४ जुलै १९१६ रोजी, तिच्या स्वारांनी भाले घेऊन हल्ला चढवला होता. ती पलटण आजही भारतीय सैन्यात आहे. नावात घोडा आहे, पण स्वार बसतात रणगाड्यात.

आता आमच्या घोडीकडे वळतो. आजोबा आठवडी बाजारांतून कापड विकत. दोन्ही बाजूंना गठ्ठे, मध्ये खोगीर, आणि बरेचदा आजोबा स्वतः पायीच. पावसाळ्यात आपली काळी माती कशी होते हे आपण जाणतोच. बैलगाडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतते आणि मोटार तर गावाबाहेरच थांबते. त्या चिखलातून घोडी लहान पावले टाकीत निघून जाई. उंच, जड घोडा तेथे फसला असता. एकदा संध्याकाळी कयाधूच्या उतारावर ती जी अडून बसली, ती काही केल्या पाण्यात पाय घालीना. आजोबांनी तिला शिव्या दिल्या, पण रात्र अलीकडच्या गावात काढली. सकाळी पाहतात तो नदी दोन्ही थड्या भरून चाललेली. त्यानंतर आजोबा तिला पाण्याच्या वाटेवर कधी टोचीत नसत.

पुढे डांबरी रस्ता आला, एस. टी. आली. वडिलांना मोटारसायकल हवी होती आणि मलाही ती हवी होती. म्हणून आम्ही माळेगावला गेलो. त्या व्यापाऱ्याने घोडीच्या अंगावरचे भोवरे पाहिले, दात पाहिले आणि मग पट्टी काढली. बावन्न इंचांच्या वर ती जाईना. आजोबा एवढेच म्हणाले, “पट्टी लावू नको. खूर बघ.” त्याने खूर काही पाहिले नाहीत. संध्याकाळी एका मेंढपाळाने मात्र चारही पाय उचलून पाहिले, मग घोडीला दहा पावले चालवले आणि फारशी घासाघीस न करता पैसे मोजले. येताना आजोबा मोकळा लगाम हातात धरून बसले होते. घरी तो दाराच्या खुंटीला बरीच वर्षे होता.

त्या मेंढपाळाला जे कळले ते कागदावर यायला वेळ लागला. देशी जनावरांच्या जातींची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत होते. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भुतिया आणि कच्छी-सिंधी या घोड्यांच्या पंक्तीत भीमथडीचे नाव २०२३-२४ च्या सुमारास स्वतंत्र जात म्हणून बसले. तोवर हे घोडे जपले ते मुख्यतः धनगर मेंढपाळांनी. मुक्काम हलला की बिऱ्हाड, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, सारे त्यांच्या पाठीवर. जात टिकते ती अशा कामामुळे. काम संपले की दावण रिकामी होते. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टू मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरले. २०१२ च्या मानाने ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. शिवाय वरातीसाठी उंच घोडा हवा म्हणून लहान घोडीला उंच जातीचा नर दाखवला, की शिंगरू उंच होते, पण खूर आणि काटकपणा उतरेलच अशी खात्री नसते. अशा दोन-चार पिढ्यांत जात नाहीशी होऊ शकते.

आमची घोडी भीमथडीच होती असा दावा मी करणार नाही. तिला वंशावळ नव्हती. पट्टीच्या हिशेबाने ती हलक्या घोड्यांतही बसत नव्हती. तट्टूच होती ती. फक्त तो शब्द मी आता हसून उच्चारीत नाही. सुगीनंतर रानात मेंढ्या बसवायला धनगरांचे बिऱ्हाड आले, तर आपणही जरा थांबून त्यांच्या घोड्याकडे पाहावे. आणि पाहताना आधी खूर पाहावेत.