नेमाडे वाचायचे, पण कुठून?

भालचंद्र नेमाड्यांना २०१४चा ज्ञानपीठ मिळाल्यावर अनेकांनी थेट ‘हिंदू’ विकत आणली आणि शंभरेक पानांत मिटून ठेवली. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून खानदेशातल्या गावगाड्यापर्यंत पसरलेली ती कादंबरी पहिल्या भेटीसाठी नव्हेच.

सुरुवात ‘कोसला’नेच करावी. १९६३ साली आलेली ही कादंबरी पांडुरंग सांगवीकर स्वतःच सांगतो: पुण्यातलं कॉलेज, होस्टेल, उडवलेले पैसे, वडिलांशी धुसफूस. तिरकस बोलता बोलता धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूशी तो येतो आणि हसणं थांबतं. ती पानं सावकाश वाचा.

मग चांगदेव पाटील हा नायक असलेल्या चार कादंबऱ्या: ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’. क्रम मोडू नका. ‘हिंदू’ शेवटी. कवितांना मात्र क्रमाचं बंधन नाही.