अत्तराचा फाया आणि निलगिरीची बाटली

आमच्या घरात जुम्याचा दिवस वासावरून कळायचा. अब्बा आंघोळ करून, कानात अत्तराचा फाया ठेवून नमाजला निघत. ते गेल्यावरही ओटीवर वाळ्याचा सुगंध रेंगाळायचा. आता त्याच घरात भाभीच्या कपाटात लॅव्हेंडर, निलगिरी, पुदिना अशा तेलांच्या छोट्या बाटल्या आहेत. याला हल्ली अरोमाथेरपी म्हणतात.

नाव नवे आहे. फ्रेंच रसायनतज्ज्ञ गातफोसे यांचे या नावाचे पुस्तक 1937 साली निघाले. विद्या मात्र जुनी. नवव्या शतकात अल-किंदी यांनी सुगंध आणि अर्क काढण्यावर ग्रंथ लिहिला. कनौजचे कारागीर आजही तांब्याच्या देगेत फुले उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात येते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात सुगंध मुरतो. म्हणजे पारंपरिक अत्तरात सुगंध दुसऱ्या तेलात उतरलेला असतो; भाभीच्या बाटलीत मात्र तो निव्वळ, कडक अर्क असतो. हा फरक आम्हाला उशिरा कळला.

गेल्या हिवाळ्यात दीड वर्षांच्या भाच्याला सर्दी झाली. भाभीने मायेने त्याच्या नाकाखाली निलगिरीचे बोट लावले. क्षणात पोर खोकू लागले, श्वास अडखळला. रिक्षाने दवाखान्यात नेले. अल्लाहच्या कृपेने तासाभरात ते सावरले. डॉक्टर म्हणाले, "निलगिरी, पुदिना, कापूर लहान बाळाच्या नाकातोंडाजवळ नेऊ नका. श्वास कोंडू शकतो." हे तेल चमचाभर जरी मुलाच्या पोटात गेले, तरी गुंगी येते, झटकेही येऊ शकतात.

म्हणून तेले फेकायची का? नाही. सुवासाने मनाला विसावा मिळतो. लॅव्हेंडरने अस्वस्थता थोडी कमी होते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. पण हा आराम आहे, रोगावरचा इलाज नव्हे. ताप, दमा, रक्तदाब यांची औषधे बंद करून तेल हुंगत बसू नये.

घरात एवढे पाळावे:

• अंगाला लावायचे तर आधी पातळ करा. एक चमचा (5 मिली) खोबरेल तेलात मोठ्यांसाठी 1 ते 2 थेंब पुरेत. आधी मनगटाजवळ थोडे लावून एक दिवस पाहा.
• वाफाऱ्याऐवजी रुमालावर एक थेंब टाकून दूर ठेवा. उकळत्या पाण्याने भाजण्याची भीती टळते.
• तेल पिऊ नका, डोळ्यांत व कानात घालू नका. गरोदरपणी डॉक्टरांना विचारूनच वापरा.
• घरात दम्याचा रुग्ण असेल तर उग्र वास आणि लोबानाचा धूर टाळा.
• मुलाने तेल प्यायले तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

भाभीच्या बाटल्या आता वरच्या फळीवर, कुलपात आहेत. थकून आली की ती पाय चेपायच्या खोबरेल तेलात लॅव्हेंडरचा एकच थेंब टाकते. अब्बांचा फायाही एवढाच असायचा, इवलासा. तरी ओटी भरून जायची.

आपल्या घरातली बाटली कुठे आहे, तेवढे आजच पाहून घ्या.