पिंजरा माळ्यावरून काढला की

मे महिन्यात सावंतवाडीला जायचं ठरलं की आमच्या पुण्याच्या घरात सगळ्यात आधी माळ्यावरून मनी मांजरीचा पिंजरा खाली येतो. निघायला तेव्हा तीन आठवडे असतात. पिंजरा धुऊन, उन्हात वाळवून, दार काढून बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा. आत आईच्या जुन्या लुगड्याची घडी आणि रात्रीचं खाणं. पहिले तीन-चार दिवस ती नुसती मान लांब करून घास उचलते. दुसऱ्या आठवड्यात आत जाऊन झोपते.

पहिल्या वर्षी हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ऐन निघायच्या वेळी तिला धरून आत कोंबली. कात्रजचा बोगदा यायच्या आत लुगडं लाळेने भिजलं होतं आणि साताऱ्यापर्यंत तिचं ओरडणं थांबलं नाही. ते ओरडणं अजून कानात आहे.

भुऱ्या आमच्या गल्लीतलाच, देशी कुत्रा. पिल्लू असताना त्याला गाडी लागायची. त्याची तालीम वेगळी झाली. आधी उभ्या गाडीत नुसतं बसायचं, मग गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, मग खडकवासल्यापर्यंत. उलटी होण्याआधी कुत्रा सांगतो. सारखा जांभया देतो, ओठ चाटतो, लाळ गाळतो. ते दिसलं की गाडी बाजूला घ्यायची आणि त्याला दहा मिनिटं चालवायचं. निघण्याआधी तीन-चार तास दोघांनाही खायला देत नाही, पाणी मात्र चालू ठेवतो. उलटीची गोळी फक्त जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलीच. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

पहाटे चारला निघतो. भुऱ्या मागच्या सीटवर, छातीपट्टा सीटबेल्टला अडकवलेला. गळपट्ट्याला दोर बांधून गाडीत बसवलं तर जोरात ब्रेक लागल्यावर सगळा हिसका मानेला बसतो. मनीचा पिंजरा पुढच्या सीटच्या मागे खाली, उशीने घट्ट बसवलेला, वर पातळ पंचा. अंधार असला की ती शांत असते. खिडकी चार बोटंच उघडी. वाऱ्यात डोकं काढणारा कुत्रा बघायला छान वाटतो, पण हायवेवरची धूळ आणि खडे त्याच्या डोळ्यांत जातात.

दर दोन तासांनी थांबायचं. मोठ्या ढाब्यांवर नाही, कारण तिथली कुत्री आपली हद्द सांभाळून असतात. शेताकडे जाणारा एखादा कच्चा रस्ता बरा. नियम एकच: आधी दोर हातात आणि पिंजरा बंद, मग गाडीचं दार. हा नियम आम्ही फार महागात शिकलो. कराडच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. मनी केविलवाणी ओरडत होती म्हणून मी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि त्याच क्षणी नवऱ्याने बाहेरून गाडीचं दार उघडलं. ती थेट शेजारच्या ट्रकखाली. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, वाकून बघितलं आणि चावी काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "ताई, ही तुमच्याजवळ ठेवा. मांजर निघाल्याशिवाय गाडी हलत नाही." मी लुगड्याची घडी आणि उघडा पिंजरा चाकाजवळ ठेवून जमिनीवर बसून राहिले, हाक मारली नाही, हात लावला नाही. चाळीस मिनिटांनी ती आपणहून आत गेली. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं.

कोल्हापूरला जेवण, तेही पाळीपाळीने. एक जण जेवतो, एक जण जनावरांपाशी सावलीत. बाहेर 30 अंश असले तर अर्ध्या तासात बंद गाडीतला पारा 45च्या वर जातो आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. गाडीतली हवाच तापली की त्या धापांचा उपयोग होत नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर समजा, प्रकरण हाताबाहेर चाललंय. लगेच सावली, अंगावर साधं पाणी, वारा, आणि तडक डॉक्टर.

निपाणी, आजरा, मग आंबोली. घाट उतरताना नवरा वीसच्या पुढे गाडी नेत नाही. मागून हॉर्न वाजतात, वाजू देत. प्रत्येक वळणावर भुऱ्या पाय फाकवून तोल सांभाळतो, आणि वळण सावकाश घेतलं तरच त्याला ते जमतं.

सावंतवाडीच्या घरी मनीला पहिले तीन दिवस एकाच खोलीत ठेवतो, दार बंद. नव्या जागी बाहेर पडलेलं मांजर बिचकून कुठेतरी दडून बसतं आणि हाकेला ओ देत नाही. भुऱ्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज संध्याकाळी गोचिडी शोधायच्या. अंधारात तो दोराशिवाय आवारात जात नाही, कारण कोकणात फुरसं असतं.

तुम्हीही या मे महिन्यात गावी जाणार असाल आणि मांजर सोबत न्यायचं असेल, तर पिंजरा आजच खाली काढा.